पाणीपट्टी कशी भरावी आणि नळ कोरडा राहिला तर काय करावं

पाणी आठव्या दिवशी आलं तरी पाणीपट्टी वर्षाचीच येते. मराठवाड्यात बहुतेक घरगुती नळांना मीटर नाही. अर्धा इंच, पाऊण इंच अशा जोडणीवर ठोक रक्कम लागते. राग रास्त आहे, पण पट्टी अडवून ठेवू नका. थकबाकीवर शास्ती चढते, नळ तुटू शकतो आणि तक्रारीला गेलात की आधी बाकीच विचारतात.

बिल आलं की ग्राहक क्रमांक, जोडणीचा आकार आणि मागील बाकी बघा. भरलेली रक्कम बाकीत दिसली तर जुनी पावतीच कामी येते. मोबाईलवरून भरलंत तरी पावती उतरवून ठेवा, नुसत्या मेसेजवर विसंबू नका.

आता कॅलेंडर. पाणी आलं त्या तारखेवर वेळ आणि मिनिटं लिहा. एकदा बादलीही लावून बघा: १५ लिटरची बादली ३ मिनिटांत भरली, तर पाऊण तासात मिळालं २२५ लिटर. माणशी रोज १३५ लिटर या मापदंडाने पाच जणांच्या घराला आठ दिवसांचे ५,४०० लिटर लागतात. हा हिशेब तक्रारीच्या अर्जात जरूर लिहा.

शेजारी विचारा. फक्त तुमच्याकडे धार बारीक असेल तर जोडणीत कचरा अडकला असेल; प्लंबरला दाखवा. सगळी गल्ली कोरडी असेल तर सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करा. नळाला थेट मोटर मात्र लावू नका. शेजाऱ्याचं पाणी तर ओढलं जातंच, शिवाय फुटक्या जागेतून गटाराचं पाणी लाईनीत शिरतं. पाण्याला वास आला तर ते उकळूनच प्या आणि त्याच दिवशी कळवा.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरणच आटलं होतं. पण धरणात पाणी असून गल्लीत येत नसेल, तर अडचण वाटपात आहे आणि त्याचा जाब विचारायलाच हवा.

अर्जाच्या दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नवी नळजोडणी, मालकी हक्कात बदल, इतकंच काय, पाण्याचा दाब आणि गुणवत्तेची तक्रारही लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ (सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा कायदा) खालच्या सेवांत येते. मुदतीत काम झालं नाही तर प्रथम अपील करा आणि सोबत कॅलेंडरच्या पानांची झेरॉक्स जोडा.