सोसायटीचे चेअरमन झालात? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खुर्चीला मालकी समजणं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 72 सांगतं की संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. कमिटीने कारभार बघायचा, तोही कायदा आणि उपविधींच्या (सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीच्या) चौकटीत. हे विसरलं की पुढच्या चुका ओघाने होतात.

रंगकामाचंच घ्या. कोटेशन मागवली, कमिटीने एक पास केलं, परांची उभी राहिली आणि मग सभेत मंजुरी मागितली! काम उत्तम झालं तरी लोक भडकतात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. अशा वेळी ‘आम्ही फुकट राबतो’ हे उत्तर खरं असलं तरी देऊ नका. विषय रंगाचा राहत नाही, उपकाराचा होतो. कोटेशनचा तुलनात्मक तक्ता सभेच्या नोटिशीसोबतच पाठवा. भांडणं होतील, पण आकड्यांवर होतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे आले म्हणजे ठराव झाला, असंही नाही. विषय अजेंड्यावर हवा, कोरम (ठरलेली किमान उपस्थिती) हवा, इतिवृत्तात नोंद हवी.

थकबाकीदाराचं पाणी तोडायची भाषा तर नकोच. मेंटेनन्स थकला तर उपविधींप्रमाणे व्याज लावा, लेखी नोटीस द्या, तरी भरला नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी (थकबाकी कायदेशीर वसूल करण्याच्या आदेशासाठी) अर्ज करा. वेळ लागतो, चिडचिडही होते. पण पाणी तोडलंत की तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही.

सगळं दप्तर सेक्रेटरीच्या कपाटात आणि बँकेचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर, हेही बरं नव्हे. माणूस कितीही सज्जन असो, ते गावाला गेले की सोसायटी ठप्प.

आता सभासदांची चूक. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. ती होते तेव्हा निम्मे लोक येत नाहीत आणि नंतर जिन्यात ‘मनमानी चाललीये’ म्हणतात. मनमानी खरंच चालली असेल, तर एकपंचमांश सभासदांनी सह्या करून विशेष सभेची लेखी मागणी करावी. कमिटीला ती महिन्याभरात बोलवावी लागते. मागणीपत्रात विषय नेमके लिहा, पोच घ्या, आणि सह्या करणारे त्या दिवशी हजर राहतील एवढं बघा.