स्वतःच्या त्वचेच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा पाहाव्यात

गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी ‘त्वचेच्या पेशी’ म्हणून दाखवणं आधी थांबवा. त्या तोंडातल्या ओल्या अस्तराच्या असतात आणि त्यांत केंद्रक ठळक दिसतं. अंगावरच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत, किरॅटिन या कडक प्रथिनाने भरलेल्या पेशींचा असतो. त्या पाहण्याची कृती वेगळी आहे.

मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूची निरोगी त्वचा धुवून कोरडी करा. क्रीम लावलेलं नको. टेप चकचकीत, आरपार दिसणारी घ्या. धुरकट टेप या कामाची नाही.

टेप दाबून लावा आणि ओढून काढा. ही पहिली पट्टी सरळ फेका, तिच्यावर धूळ आणि कपड्यांचे तंतूच जास्त येतात. त्याच जागी दुसरी लावा, ती ठेवा.

आता रंग देणं. सगळे अडतात ते इथेच. एक पेशी साधारण ३० ते ४० मायक्रोमीटर रुंद, पण जाडी जेमतेम एक मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. रंगाशिवाय ती जवळजवळ दिसतच नाही. बरेच जण पट्टी चिकट बाजू खाली करून काचेवर डकवायला आणि कडेने रंग सोडायला सांगतात. मीही तसंच करत होतो. रंग आत नीट शिरत नाही, हवा अडकते, आणि बुडबुड्यांच्या काळ्या गोल कडांनाच मी कित्येक दिवस पेशी समजत होतो.

चिकट बाजू वरच हवी. पट्टीची दोन्ही टोकं दुसऱ्या टेपने काचपट्टीवर ताणून बसवा. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थेंब चिकट पृष्ठावर वाटोळा होऊन बसतो, आपण होऊन पसरत नाही. ड्रॉपरच्या टोकाने तो हलकेच ओढून पसरवा, टोक पट्टीला घासू देऊ नका. दोन मिनिटं थांबा. मग काच तिरकी धरून ड्रॉपरनेच पाणी सोडा, ओघळ फिकट होईपर्यंत. नळाखाली अजिबात धरू नका.

पाण्याचा थेंब, वर कव्हर स्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच.

आधी १०एक्सचं वस्तुभिंग, मग ४०एक्सचं. डायफ्रॅम, म्हणजे खालून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप, मात्र बराचसा बंद ठेवा. भगभगीत उजेडात कडा विरून जातात. फिकट निळे, पाच-सहा कोनांचे पापुद्रे दिसतील, कडा एकमेकींवर किंचित चढलेल्या. केंद्रक शोधत बसू नका. तळाच्या थरात जन्मलेली पेशी वर सरकताना ते गमावते.

तळहातावर सुरुवात करू नका. तिथला मृत थर कितीतरी जाड असतो.