कयाकिंग शिकवताय? मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

बेळगाव-खानापूरची मुलं घेऊन गणेशगुडीला काळी नदीवर जायचं ठरलं की हेल्मेट, वल्ही, दोर सगळं दोनदा मोजलं जातं. बालसुरक्षेचं मात्र एकदा प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र फायलीला लागलं, की विषय संपला असं धरतात. इथूनच चुकायला सुरुवात होते.

घाईत सर स्वतःच मुलीच्या लाइफ जॅकेटचं छातीवरचं बक्कल लावतात, मांडीखालचा पट्टा ओढतात. तसं करू नका. आधी स्वतःच्या अंगावर दाखवा, मग मुलांना लावू द्या. तपासताना ‘खांद्याचा पट्टा ओढून बघतो, चालेल ना?’ असं विचारा, तेही चारचौघांसमोर. कयाक (वल्ह्याची छोटी होडी) उलटली तर अर्थात विचारत बसू नका, आधी पोराला बाहेर काढा.

ओले कपडे बदलायला मुलग्यांनाही आडोसा हवाच. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आहे, मुलगा असो वा मुलगी. एकट्या मुलाला रात्री मेसेज नकोत. जे काही असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर टाका.

सगळ्यात महागात पडणारी चूक होते ती मूल अशा अत्याचाराबद्दल काही सांगायला आलं की. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका, तो तुम्हाला पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका, ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोर बोलावू नका आणि ‘क्लबचं नाव जाईल, आपसात मिटवू’ हे तर मुळीच नको. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने दडवलं तर कैद वर्षापर्यंत. खात्री करणं पोलिसांचं काम. प्रामाणिकपणे कळवलं तर तुमच्यावर कारवाई होत नाही.

आपल्या भागात आणखी एक होतं. ठाण्यात लिखापढी कन्नडमध्ये, पोर बोलतं मराठी, म्हणून सरच त्याच्या वतीने सांगायला बसतात आणि सांगता सांगता शब्द बदलतात. मुलाने जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लगेच लिहून ठेवा आणि दुभाषी मागा. तो मुलाचा हक्क आहे. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून, आणि अधिकारी गणवेशात नसावा.

गणेशगुडी उत्तर कन्नड जिल्ह्यात येते, त्यामुळे फक्त बेळगावच्या ठाण्याचा नंबर जवळ असून भागत नाही. निघण्याआधी तिथल्या ठाण्याचा नंबर, ११२ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ प्रत्येक सरांच्या, मॅडमच्या फोनमध्ये घालून घ्या.