परसातली झाडं मुलांना कशी वाचायला शिकवावीत

पणजीच्या चर्चसमोरच्या बागेत मी पहिल्यांदा चौथीचा वर्ग नेला, तेव्हा मुलांनी खांबावरचे सिंह तीन की चार यावरून भांडण केलं, डबे उघडले आणि ‘टीचर, आता घरी कधी?’ म्हणून विचारलं. बागेला गार्सिया द ओर्ता या 16व्या शतकातल्या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे, 1855 सालची बाग आहे, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकालाही आठवत नव्हतं. चूक माझीच होती. मी बागेपासून सुरुवात केली होती.

आता उलटं करते. परस आधी, बाग शेवटी. 32 वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले, तरी दर मार्चमध्ये कोणी ना कोणी बोलावतं, म्हणून पद्धत एकदा लिहूनच टाकते.

सहलीच्या आठवडाभर आधी मुलांना सांगा: घरच्या परसातल्या प्रत्येक झाडाचं एकेक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून आणायचं, आणि त्यावर आजी म्हणते ते नाव लिहायचं. मोबाइलमधलं नाव नको. एका घरी भिरंड, दुसऱ्या घरी कोकम, असं होणारच. होऊ द्या. मार्च मुद्दाम म्हणते, कारण तेव्हा काजूचे बोंडू असतात आणि बोंडूच्या वासाने झोपलेलं पोरसुद्धा जागं होतं. चिकाची मात्र काळजी घ्या. हिरव्या बियांना मुलांनी हात लावायचा नाही. चीक लागला तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि मग पालकांना तोंड तुम्हालाच द्यावं लागतं.

मग वर्गात जमिनीवर पानांचे ढीग करायचे. पहिला ढीग इथल्यांचा: आंबा, फणस, भिरंड, मिरवेल. दुसरा, अमेरिकेतून बोटीने आलेल्यांचा: काजू, पपई, पेरू, अननस, चिकू, मिरची. तिसरा ढीग फार जुन्या पाहुण्यांचा. चिंच त्यात जाते. ती मूळची आफ्रिकेतली, पण पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी आलेली, इतकी की अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटलं. ढीग करताना मुलं भांडतात. या भांडणात पडू नका, तेच तर शिकणं आहे.

इथे माझी फजिती सांगायला हवी. सीताफळाचं पान मी बिनदिक्कत पहिल्या ढिगात ठेवलं होतं. वर वनवासातल्या सीतेची गोष्टही जोडली. तास संपल्यावर एका मुलीचे वडील, कृषी खात्यात काम केलेले, दाराशी उभे. ‘टीचर, ते झाड अमेरिकेतलं. रामफळही.’ मी दोन्ही पानं उचलून दुसऱ्या ढिगात टाकली, आणि त्या दिवसापासून नावावर जरा बेतानेच विश्वास ठेवते. देवळापुढचा पांढरा चाफा, ज्याची फुलं आपण देवाला वाहतो, तोही तिकडचाच. नाव सांगतं ते झाड कोणी आपलंसं केलं हे. ते कुठे जन्मलं हे नाव सांगेलच असं नाही.

उलटी बाजूही दाखवा. झाड अस्सल इथलं, नाव मात्र परकं. आमच्या घरामागे मानकुराद आंब्याचं जुनं झाड आहे. पोर्तुगीजमध्ये ‘मालकोराद’ म्हणजे वाईट रंगाचा, त्यातूनच हे नाव आलं असं मानतात. सालीवरच्या डागांमुळे नाव पडलं असेल तर पडो, चवीने सगळ्यांना खाली मान घालायला लावली. मुसराद, फेर्नांद, हिलारियो या आंब्यांची नावंही तशीच परकी, आणि आपला हापूससुद्धा अफोंसो या नावातून. हा अफोंसो म्हणजे गोवा जिंकणारा अफोंसो द आल्बुकर्क, असं सगळेच सांगतात. पण 17व्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात राहिलेला व्हेनिसचा प्रवासी मनुची गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावं मोजतो, त्यात ‘निकुलाव अफोंसो’ असा एक आंबा आहे. म्हणून मी मुलांना आल्बुकर्कची गोष्ट सांगत नाही. मनुचीची यादी सांगते.

आता कलम दाखवा, आणि घाई करू नका. सगळ्या तासातली माझी आवडती जागा हीच. मुलांना मानकुरादाच्या बुंध्याशी बसवायचं. गुडघ्याएवढ्या उंचीवर खोड किंचित फुगलेलं दिसतं, जणू आत काहीतरी गाठ मारलेली आहे. गाठीच्या खालची साल खरखरीत, वरची वेगळी, भेगा निराळ्या. डोळे मिटून तळहात खालून वर फिरवायला सांगा. जिथे हात ‘अडखळतो’ तिथे दोन झाडं एक झाली. भेट कलमात रायवळाचं, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या साध्या आंब्याचं, रोप कुंडीत घेऊन चांगल्या झाडाच्या फांदीशेजारी टांगतात, दोन्हींची थोडी साल काढून जखमेला जखम लावतात आणि बांधून ठेवतात. दोन-तीन महिन्यांनी जोड बसला की फांदी मूळ झाडापासून कापायची. कलमं करण्याची ही कला गोव्यात पोर्तुगीज काळात, विशेषतः जेझुइट संघाच्या पाद्र्यांच्या बागांतून वाढली. कोयीचं झाड बापासारखं फळ देईलच असं नाही, कलमाचं देतं, एवढंच मुलांना सांगा. (एका रोपवाटिकेने मला मानकुराद म्हणून दिलेलं कलम सात वर्षांनी आंबट फळ घेऊन उभं राहिलं. हेही सांगते, हसतात.)

यानंतर फळ्यावर एक शिडी काढा. खालच्या पायरीवर 1510, आल्बुकर्कने गोवा घेतला. वर 1563, 1578, 1596. ही तीन वर्षं म्हणजे तीन पुस्तकं. 1534 मध्ये गोव्यात आलेल्या ओर्ताने औषधी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ, ‘कोलोक्विउस’, 1563 मध्ये गोव्यातच छापला. त्यात 59 संवाद आहेत. आंबा आहे, हिंग आहे, त्याच्या मुंबई बेटावरच्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याची बढाईसुद्धा आहे. काजू नाही. 15 वर्षांनी, 1578 मध्ये, क्रिस्तोबाल आकोस्ता हा दुसरा वैद्य काजूचं वर्णन करतो, कोचीनच्या बागांमध्ये पाहिलेला म्हणून. 1596 मध्ये छापलेल्या डच प्रवासी लिन्स्कोटेनच्या पुस्तकात गोव्याचं अननस आहे. मुलांना विचारा: काजू कधी आला असेल? उत्तर तुम्ही देऊ नका. ‘दोन पायऱ्यांच्या मध्ये’ असं कुणीतरी ओरडतंच. पुस्तकात नाही म्हणजे देशात नव्हताच असं होत नाही, हेही एखादा शहाणा म्हणेल. त्याला शाबासकी द्या.

मोठ्या वर्गासाठी शिडीवर 1678 जोडा. त्या वर्षी आम्स्टरडॅममध्ये मलबारच्या वनस्पतींच्या 12 खंडांतला पहिला छापला गेला, डच अधिकारी व्हान र्‍हेडचा. त्यात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यासोबत कोचीनच्या तीन कोकणी ब्राह्मणांची साक्ष आहे: रंगभट, विनायक पंडित, आपु भट. साक्ष कोकणीत, अक्षरं नागरी. त्यांचे पूर्वज गोवा सोडून गेलेले. त्या पानाची छायाप्रत हातात दिली की मुलं बोट ठेवून वाचायला लागतात. अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात.

आणि मग पणजी. सकाळी नऊपूर्वी पोचा, नंतर रस्त्यावर गाड्यांचा आवाज ऐकू येतो, तुमचा नाही. एक गैरसमज आधीच मोडा: ओर्ता या बागेत कधी फिरला नाही. त्याच्या वेळी राजधानी जुन्या गोव्याला होती, पणजीला ती 1843 मध्ये आली. मधला खांब 1898 मध्ये वास्को द गामाच्या सफरीला 400 वर्षं झाली म्हणून उभारला. त्यावरचे सिंह गोवा मुक्तीनंतरचे. ‘गुलमोहराने ओर्ताला पाहिलं असेल’ असं मीही एकदा बोलून गेले होते. गुलमोहर मादागास्करचा, 19व्या शतकातला पाहुणा. आता झाडाखाली बसवून वय विचारते आणि गप्प राहते.

सातवीच्या पुढच्यांना ओर्ताचा शेवटही सांगा, गोडगोड करू नका. तो मूळच्या ज्यू घराण्यातला. 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इंक्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ज्याला त्या काळी थडगंही ठेवलं नाही, त्याच्या नावाची ही बाग.

परतल्यावर गृहपाठ एकच. ओर्ताच्या संवादांत अंतोनिया नावाची दासी आहे. तो म्हणतो, ‘अंतोनिया, ते पान आण,’ आणि ती आणते. म्हणून आमच्या वर्गात रोज एकाने बाहेरून एक पान आणायचं, आणि त्या दिवशी हजेरीत त्याला अंतोनिया म्हणायचं. गेल्या वर्षी एक मुलगा रागावून उभा राहिला. ‘टीचर, मी अंतोनियो.’ हातात शेवग्याची फांदी होती, अख्खी.