गॅसवाहिनी फोडली, फायदा कुणाचा? हिशेब मांडायची रीत

युद्धात समुद्राखालची गॅसवाहिनी फुटली की निपाणीपासून खानापूरपर्यंत मोबाइलवर निकाल फिरतो: ज्याचा फायदा, त्याचंच काम. फायद्याचा हिशेब जरूर मांडावा, पण वही घेऊन. नमुन्याला रशियाचा गॅस समुद्राखालून जर्मनीला नेणारी नॉर्ड स्ट्रीम घेऊ. २६ सप्टेंबर २०२२ ला बाल्टिक समुद्रात बॉर्नहोम बेटाजवळ तिच्या चारपैकी तीन नळ्या (नॉर्ड स्ट्रीम १ आणि २ च्या दोन-दोन) फुटल्या.

पहिल्या पानावर आदल्या दिवशीची स्थिती लिहा. नॉर्ड स्ट्रीम १ ची क्षमता वर्षाला ५५ अब्ज घनमीटर, पण ऑगस्टअखेरपासून रशियाने तिच्यातून गॅस सोडणंच थांबवलं होतं. नॉर्ड स्ट्रीम २ ची मंजुरी जर्मनीने फेब्रुवारीत रोखली होती, ती कधी चालूच झाली नाही. म्हणजे स्फोटाने चालता पुरवठा तुटला नाही. तो पुन्हा चालू होण्याची शक्यता तुटली. फायदा मोजायचा तो या शक्यतेचा. बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो, कारण ते पूर्ण ५५ अब्जांचं नुकसान धरून बसतात.

मग दर बघा, तारखेसकट. युरोपातला टीटीएफ दर (नेदरलँड्सच्या गॅसबाजारातला, युरोपात प्रमाण मानला जाणारा) स्फोटाच्या महिनाभर आधीच, ऑगस्टअखेर, मेगावॅट-तासाला ३४० युरोच्या आसपास चढला होता आणि स्फोटानंतरच्या आठवड्यांत बराच उतरला. 'स्फोटाने गॅस महागला आणि विकणारे गब्बर झाले' हे वाक्य तिथेच लंगडं पडतं. आपल्याकडच्या बातम्यांत दर डॉलर प्रति एमएमबीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतो. एका मेगावॅट-तासात साधारण ३.४१ एमएमबीटीयू बसतात. तेव्हा युरो-डॉलर जवळपास बरोबरीत होते, म्हणून ३४० युरो म्हणजे सुमारे १०० डॉलर. एकक न बदलता तुलना केली तर तिपटीहून जास्त चूक होते.

आता देशांच्या ओळी पाडा आणि प्रत्येकापुढे आठवडा, वर्ष, दहा वर्षं असे रकाने ठेवा. नॉर्वेचा गॅस खपला, पण आपल्या वाहिन्यांवर पहाऱ्याचा भारही त्याला उचलावा लागला. अमेरिकेच्या द्रवरूप गॅसला युरोपात पक्कं गिऱ्हाईक मिळालं. रशियन गॅस युक्रेनमधून युरोपला नेणाऱ्या वाहिनीचं वजन वाढलं, पण १ जानेवारी २०२५ ला तीही वाहतूक थांबली. नॉर्वेचा गॅस पोलंडला आणणाऱ्या बाल्टिक पाइपचं उद्घाटन स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी झालं. ही तारीख बघून लोक चटकन बोट दाखवतात. पण तिची क्षमता १० अब्ज घनमीटर, आणि समारंभ आधीच ठरलेला. रशियाच्या ओळीत लोक 'करारभंगाच्या दाव्यातून सुटका' लिहितात. ते खोडा: न दिलेल्या गॅसबद्दल जर्मनीच्या युनिपर या गॅस कंपनीला जून २०२४ मध्ये लवादाने रशियाची सरकारी गॅस कंपनी गॅझप्रॉमविरुद्ध १३ अब्ज युरोंहून जास्त भरपाई मंजूर केली.

अथणी-चिकोडीकडे उसाचा फड पेटला की पहिला संशय मालकावरच, कारण जळीत उसाला तोड लवकर मिळते. पण जळीत उसाचं वजन घटतं, कारखाना दरात कपात करतो, आणि ठिणगी विजेच्या तारेचीही असू शकते. फायदा झाला, फायदा होईल असं वाटलं, आणि आग लावली, या तीन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहाव्या लागतात. तिसऱ्या पानावर फक्त तपासातलं येतं: स्वीडन आणि डेन्मार्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये तपास बंद केला, तर जर्मनीच्या तपासाचा रोख युक्रेनी संशयितांकडे गेला. त्या पानावर अंदाज घुसला की वही बिघडली.

शेवटी आपल्या जिल्ह्याची ओळ. दाभोळ-बेंगळुरू गॅसवाहिनी बेळगाव जिल्ह्यातूनच जाते, म्हणून 'तिकडे नळी फुटली आणि इकडे खताच्या कारखान्यांचा गॅस कापला' हे पटकन पटतं. तारीख लावा. गॅझप्रॉमची जर्मनीतली उपकंपनी एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारच्या ताब्यात गेली, तिच्याकडून गेल या भारताच्या सरकारी गॅस कंपनीला येणारा द्रवरूप गॅस उन्हाळ्यातच अडला, आणि ऑगस्टमध्ये गेल खत व उद्योगांना हात राखून गॅस देत होती. स्फोट सप्टेंबरअखेरचा. ही कपात स्फोटाच्या खात्यावर लिहू नका, युद्धाच्या खात्यावर लिहा.