थीम पार्कच्या सहलीत डबा आणि पाणी गार ठेवताना या चुका टाळा

परीक्षा संपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील कुटुंबे मुलांना घेऊन थीम पार्ककडे निघतात. कोणी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात, कोणी बेंगळुरूजवळ बिडदीच्या वंडरलाला, तर कोणी चोर्ला घाट उतरून गोव्यात हणजूणच्या वॉटरपार्कला. दिशा वेगवेगळ्या असल्या तरी दुपारी पेटी उघडल्यावरची तक्रार बहुधा एकच असते: बर्फ वितळून गेला, ताक आंबले आणि भाताला वास येऊ लागला. दोष उन्हाला दिला जातो, पण चूक आदल्या रात्री स्वयंपाकघरातच झालेली असते. आइस बॉक्स असो वा थर्माकोलची पेटी, ती कोणतीही वस्तू गार करत नाही. आत ठेवलेला गारवा ती केवळ सावकाश बाहेर जाऊ देते.

प्रवेशद्वारावरचा नियम न पाहता पेटी भरणे

इमॅजिका आणि वंडरला या दोन्ही ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलांचे अन्न आणि औषधे यांना बहुतेक पार्कांत सवलत मिळते, तरी निघण्यापूर्वी त्या पार्कच्या संकेतस्थळावर नियम वाचलेला बरा. याचा अर्थ असा की पेटी ही प्रवासासाठी आणि वाहनतळावर उभ्या असलेल्या गाडीसाठी असते, आणि ती किती भरायची हेही त्यावरूनच ठरवावे लागते. बेळगावहून खोपोली सुमारे ४०० किलोमीटर आहे. घरचा डबा वाटेतच संपवायचा असेल तर दुपारच्या जेवणाची पेटी वागवण्यात काही अर्थ नाही.

कोमट पाण्याच्या बाटल्या बर्फात ठेवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. एक किलो बर्फ पूर्ण वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि ३० अंशांचे चार लिटर पाणी १० अंशांपर्यंत आणायलाही नेमकी तेवढीच उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे वाटेत विकत घेतलेल्या लिटरच्या चार बाटल्या पेटीत ठेवल्या की एक किलो बर्फ केवळ त्यांच्यासाठी खर्ची पडला, आणि डब्यासाठी काहीच उरले नाही. "सकाळी भरलेला बर्फ दहा वाजताच संपला" अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासावे. पाणी, ताक, सोलकढी, पन्हे, फळे असे पेटीत जाणारे सगळे काही रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेले हवे. एवढेच नव्हे, तर रिकामी पेटीही आदल्या रात्री घरातल्या गार जागी आधी उघडी ठेवावी आणि मग आत एखादी गोठवलेली बाटली ठेवून बंद करावी, कारण माळ्यावरून काढलेली तापलेली पेटी पहिला बर्फ स्वतःच खाऊन टाकते.

बर्फासाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या गोठवणे हा सोपा उपाय आहे; नंतर तेच पाणी पिता येते. मात्र पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये. स्टीलची व्हॅक्यूम बाटली तर फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नये. आतली भिंत फुगून निर्वात पोकळी बिघडली की ती बाटली साध्या लोट्यापेक्षा अधिक उपयोगाची राहत नाही. तिच्यात आधी बर्फाचे पाणी दहा मिनिटे फिरवून ओतून द्यावे आणि मगच गार पाणी भरावे. ग्रामीण भागात उन्हाळ्यात वीज अधूनमधून जाते. तेथे बाटल्या आणि जेल पॅक (गोठवून वापरायच्या जेलच्या पिशव्या) दोन रात्री आधीच फ्रीझरमध्ये टाकलेले बरे. जेल पॅक विकत घेण्यापूर्वी ओळखीच्या औषध दुकानात विचारून पाहावे, कारण इन्सुलिनसारखी थंड ठेवायची औषधे त्यांच्याकडे अशाच पॅकसह येतात आणि ते पॅक पुष्कळदा पडून असतात.

बाजारातून बर्फ घ्यायचा असल्यास लादीचा तुकडा खड्यांपेक्षा जास्त वेळ टिकतो. पण मासळी टिकवण्यासाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ मध्ये लागू झाला. तरीही रंग नसला म्हणजे बर्फ शुद्ध, असे मानून तो सरबताच्या ग्लासात टाकू नये. बर्फावर मीठ टाकण्याची सवयही सोडावी. पॉटमधले आईस्क्रीम जमवताना मीठ उपयोगी पडते खरे, कारण त्याने तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, परंतु त्यामुळे बर्फही लवकर वितळतो, आणि आपल्याला तर तो संध्याकाळपर्यंत पुरवायचा असतो.

गरम भात थेट डब्यात भरणे

पहाटे चारला उठून केलेला दहीभात वाफाळता असतानाच डब्यात भरून पेटीत ठेवणे हे सोयीचे वाटते, पण धोक्याचे आहे. साधारण ५ ते ६० अंश या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकून राहतात आणि त्यातून तयार होणारे उलटीचे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. भात करायचाच असेल तर रात्री करावा, परातीत पसरून वाफ जाऊ द्यावी, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दही सकाळी निघताना मिसळावे. शिजवलेले अन्न गारव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, ही मर्यादा अंडी, चिकन, पनीर यांच्याबाबत तर काटेकोरपणे पाळावी.

खरे तर या भागातल्या माणसाला गारव्याची एवढी यातायात करण्याची गरजच कमी आहे. जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गोकाकचा करदंट यांना बर्फ लागत नाही. पेटीतली जागा ताक आणि फळांसाठी राखावी आणि जेवण कोरडे न्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. बेळगावचा कुंदा मात्र खव्याचा पदार्थ आहे. तापलेल्या गाडीत तो दिवसभर ठेवू नये, पाहुण्यांसाठी नेत असाल तरीही.

पेटी डिकीत ठेवून निर्धास्त होणे

एसीची हवा डिकीपर्यंत नीट पोहोचत नाही. प्रवासात पेटी पुढच्या सीटच्या मागे, पायाशी ठेवावी. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वाढू शकते, म्हणून वाहनतळावर सावली मिळाली नाही तर पेटीवर जाड घोंगडी टाकावी. गाडीच्या सॉकेटवर चालणारे छोटे कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली नेतात आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद होताच तेही बंद पडतात.

दर अर्ध्या तासाला पाण्यासाठी झाकण उघडले जात असेल तर कितीही चांगली पेटी हरते. पाण्याची पेटी वेगळी आणि जेवणाची वेगळी ठेवावी. पेटी अर्धी रिकामी असेल तर मोकळ्या जागेत टॉवेल कोंबावा. बाहेरच्या बाजूला एकाच ठिकाणी घाम आल्यासारखे पाणी साचत असेल तर तेथून गारवा निसटतो आहे असे समजावे. झाकणात कागदाची पट्टी धरून बंद करावे आणि ओढून पाहावी, ती सहज निघाली तर रबरी पट्टी बदलायला हवी. वितळलेले पाणी लगेच ओतून टाकण्याची घाई करू नये, कारण ते शून्याच्या आसपासचे असते आणि बाटल्यांना गार ठेवते. फक्त जेवणाचे डबे जाळीवर, पाण्याच्या वर राहतील असे पाहावे.

ओल्या फडक्यावर सगळीकडे विसंबणे

बाटलीला ओले फडके गुंडाळून खिडकीशी ठेवण्याची जुनी युक्ती अथणी, चिक्कोडीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालते, कारण फडक्यातले पाणी वाफ होताना बाटलीतली उष्णता ओढून घेते. चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरले की हवा दमट होते, पाणी वाफ होत नाही आणि फडके नुसते ओले राहते. तेथे बर्फ आणि व्हॅक्यूम बाटली यांचाच आधार घ्यावा.

इन्सुलिन घेणारी व्यक्ती बरोबर असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, पण ते एकदा गोठले की निकामी होते. म्हणून ते बर्फाला किंवा फ्रीझरमधून नुकत्याच काढलेल्या जेल पॅकला चिकटून ठेवू नये. टॉवेलात गुंडाळून छोट्या डब्यात, शक्यतो वेगळ्या पिशवीत न्यावे आणि पार्कच्या सुरक्षारक्षकाला दाखवण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी.

परतताना पेटीतला बर्फ पूर्ण वितळलेला असेल आणि पाणी हाताला कोमट लागत असेल, तर उरलेले दही, दूध, भात, अंडी टाकून द्यावीत. वास येत नाही म्हणून ती खाण्याजोगी ठरत नाहीत. घरी आल्यावर पेटी साबणाने धुऊन, झाकण उघडे ठेवून सावलीत वाळवावी, नाहीतर पुढच्या सहलीला तिच्यातला कुबट वास पाण्यालाही लागतो.