एक मूळ फाइल, चार रूपं आणि ‘विद्युत’चा मोडलेला पाय

मार्कडाउन (साध्या खुणा वापरून मजकूर लिहायची पद्धत) म्हणजे काय, पॅनडॉक (एका रूपातली फाइल दुसऱ्या रूपात काढणारं सॉफ्टवेअर) काय करतं, हे ठाऊक आहे असं धरून चालतो. नसेल तर एका दुपारचं काम आहे, करून या. मराठी मॅन्युअल, पुस्तिका, अहवाल अशा कामावर पोट चालवायचं असेल, तर एकाच मूळ फाइलीतून पीडीएफ, ईपब (ई-पुस्तकाची फाइल), वेबपान आणि वर्ड काढता आलंच पाहिजे. प्रत्येक रूपासाठी वेगळं कॉपी-पेस्ट करणारे सीनियर भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. पंपाच्या मॅन्युअलमधला एक आकडा बदलला की ते चार फाइली उघडून बसतात आणि एक जागा हमखास सुटते.

वेबपान आणि ईपब बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात नीट निघतात, कारण अक्षरं जुळवायचं काम ब्राउझर किंवा वाचनाचं ॲप करतं. तेवढ्यावर ‘जमलं’ म्हणू नका. खरी मेख पीडीएफमध्ये आहे. ती लांबण लावून सांगतो, कारण तिने माझ्या बऱ्याच रात्री खाल्ल्या आहेत.

पॅनडॉक पीडीएफसाठी, वेगळं काही सांगितलं नाही तर, पीडीएफलाटेक या पानं जुळवणाऱ्या इंजिनकडे जातं. ते देवनागरी बघून एरर देतं आणि थांबतं. ही एरर बरी, निदान बोंबलते तरी. मग कोणीतरी सांगतं, झीलाटेक हे दुसरं इंजिन वापर. आता पीडीएफ बनते, पण त्यात इंग्रजी शब्द आणि स्वल्पविराम तेवढे उरतात, मराठी गायब. मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) तशा इशाऱ्यांची रांग लागते, पण ती वाचतो कोण? म्हणून नोटो किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट लावायचा. मराठी दिसायला लागते, आणि नेमका इथेच घात होतो.

फॉन्ट दिला, पण लिपी कोणती ते सांगितलं नाही, तर इंजिन एकेक अक्षर सुटं मांडतं. ‘विद्युत’मधल्या ‘द’चा पाय मोडलेला दिसतो, ‘य’ शेजारी वेगळा उभा राहतो आणि ‘व’च्या आधी यायची वेलांटी नंतर येते. एररही नाही, इशाराही नाही. लांबून पान छान भरलेलं दिसतं, म्हणून ते तसंच छापायला जातं. घाबरू नका, उपाय एका ओळीचा आहे: फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी असं लिहायचं. तिथेच भाषा मराठी लिहिली, तर फॉन्टात सोय असल्यास ‘ल’ आणि ‘श’ही आपल्या वळणाचे येतात.

शीर्षकं, ठळक मजकूर, तळटीपा सगळं डोळ्याखालून घाला. पंपाच्या पॅनेलवरचे संदेश कोडसारखे टाइप केले असतील, तर त्यांचा फॉन्ट वेगळा असतो; त्यालाही देवनागरी फॉन्ट आणि लिपी वेगळी सांगावी लागते. हे तपासायला व्हिडिओवाल्या गुरूंपेक्षा जुना डीटीपी ऑपरेटर गाठा. तुटलेलं जोडाक्षर त्याला हातभरावरून टोचतं.

दुरुस्त्या वर्डमध्येच परत येणार, कितीही विनवण्या करा. त्या वर्डमध्येच मान्य करून मोकळं होऊ नका. मूळ फाइलीत घ्या आणि चारही रूपं नव्याने काढा. पॅनडॉक वर्डमधले नोंदवलेले बदल (ट्रॅक चेंजेस) वाचतं, पण वेगळा पर्याय दिला नाही तर ते मुकाट्याने स्वीकारतं आणि शेरे गाळतं. शेरे हवे असतील तर तसं सांगावं लागतं. आणि पीडीएफमधून मराठी मजकूर परत काढायचा नाद सोडा, वेलांट्या-काने भलतीकडे जातात.

वर्डची फाइल उघडीबोडकी दिसली तरी हाताने सजवू नका. नमुन्याची एक फाइल घ्या, तिच्यातल्या स्टाइल बदला आणि ती पॅनडॉकला द्या. ते तिच्यातला मजकूर सोडून स्टाइल आणि समास, पानाचा आकार अशी मांडणी उचलतं.